वळण लावण्याचा इतिहास

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तीन ‘राजा’ आहेत. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि आमचे पिंपळगाव राजा. पहिल्या गावात जिजाऊंचा जन्म झाला, दुसऱ्यात बालाजीची यात्रा भरते आणि तिसऱ्यात आमच्या बँकेची शाखा आहे. हे झाले नकाशातले राजा. नकाशाबाहेरचे याहून पुष्कळ. संध्याकाळी गावातल्या कुठल्याही गल्लीत उभे राहा आणि ‘राजाऽ’ अशी एक खणखणीत हाक मारा. दोन पोरे, एक बैल आणि चार कुत्री मान वळवून पाहतील. पोरे येणार नाहीत. बैल तर नाहीच. कुत्री मात्र चारही येतील, आणि हाक आपल्यासाठी नव्हती असे कळले तरी रागावून न जाता तिथेच बसून राहतील.

तरीसुद्धा ‘कुत्र्याला वळण कसे लावावे?’ हा प्रश्न आमच्या काउंटरच्या दोन्ही बाजूंनी चर्चिला जातो. पासबुक भरायला आलेला माणूस पासबुक विसरतो आणि कुत्र्याने चप्पल कशी खाल्ली ते सांगतो. मग कोणीतरी अनुभवी गृहस्थ निकाल देतात, ‘अहो, कुत्र्याचे शेपूट बारा वर्षे नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच!’ सगळे माना डोलावतात. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला या म्हणीत शेपटापेक्षा बारा वर्षांचा हिशेब जास्त सतावतो. बारा वर्षे म्हणजे साधारण कुत्र्याचे अख्खे आयुष्य. एखादा प्राणी जन्मभर आपले शेपूट दुसऱ्याला नळीत घालू देतो आणि एकदाही चावत नाही, याहून त्याच्या वळणाचा दुसरा कोणता दाखला पाहिजे? चौकशी व्हायची असेल तर नळी घेऊन बारा वर्षे त्याच्या मागे बसलेल्या माणसाची व्हावी.

हिशेब जुळेनासा झाला की आम्ही बँकेतली माणसे जुनी लेजरे काढतो. कुत्रा आणि माणूस यांचे जॉइंट अकाउंट फार जुने आहे, तेव्हा म्हटले, तेही एकदा तपासून पाहावे. चूक नेमकी कोणाच्या बाजूची आहे?

खाते उघडल्याची तारीख कोणालाच नक्की सांगता येत नाही. पण निदान चौदा हजार वर्षांपूर्वी ते चालू होते याचा पुरावा आहे. जर्मनीत बॉनजवळ दगडाच्या खाणीत १९१४ साली एक थडगे सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचे एक पिल्लू. पिल्लू जेमतेम सात महिन्यांचे. त्याचे दात तपासून पुढे शास्त्रज्ञांनी सांगितले, की त्याला डिस्टेंपरचा आजार होता, त्यातून ते काही आठवडे तगले, आणि माणसाने सेवा केल्याशिवाय ते तगणे शक्य नव्हते. म्हणजे शिकारीला निरुपयोगी, राखणीला निरुपयोगी असे ते खाते, आणि तरी माणसाने त्यात भरणा केला. त्या काळी आमचे हेडऑफिस नव्हते म्हणून. नाहीतर ते केव्हाच बुडीत कर्जात गेले असते.

आपल्याकडचा दाखला दायमाबादचा. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावी १९७४ साली जमीन खणताना ब्राँझच्या वस्तू हाती लागल्या. त्यात एक रथ आहे. दोन बैल जुंपलेले, हाकणारा मागे उभा, आणि रथाच्या दांडीवर, बैल आणि माणूस यांच्या मध्ये, एक कुत्रा. हे काम चारएक हजार वर्षांपूर्वीचे असावे असे मानतात. गाडी चालू असताना दांडीवर तोल सांभाळून उभे राहायचे, बैलांवर भुंकायचे नाही, हाकणाऱ्याच्या पायात घोटाळायचे नाही! चार हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रातला कुत्रा इतका वळणात होता. आमच्या एस.टी.त आज पायरीवर उभे राहणाऱ्यांना हे जमत नाही.

मग मधल्या काळात बिघडले काय? माझ्या मते भाषा. आपण मराठी माणसांनी कुत्र्यासाठी एकूण तीन शब्द तयार केले. बोलावायचे असेल तर ‘यू यू’, हाकलायचे असेल तर ‘हाड’ आणि अंगावर सोडायचे असेल तर ‘छू’. झाला संसार! ‘ये’, ‘जा’ आणि ‘मार’ एवढ्या तीन शब्दांवर कोणताही प्राणी सभ्य होईल काय? ‘बस’, ‘थांब’, ‘शाबास’ असे शब्द आपल्याकडे आहेत; पण ते आपण मुलांसाठी राखून ठेवले आणि मुलांवरही ‘शाबास’ काटकसरीनेच खर्च केला. म्हणून तर घरात कुत्रा आला की मराठी माणूस एकदम इंग्रजीत शिरतो. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. जन्मभर मराठी शिकवले. आता सकाळी अंगणात त्यांच्या पॉमेरियनसमोर उभे राहून ‘सिट! टॉमी, सिट!’ करतात. टॉमी उभा राहतो. गुरुजींच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून नुसते ‘बस रे बाबा तिकडे’ म्हणतात, आणि टॉमी बसतो. गुरुजी म्हणतात, त्याला व्याकरण कळत नाही. मला वाटते, त्याला व्याकरण सोडून सगळे कळते.

आता लेजराचे सर्वांत जाड पुस्तक उघडू. महाभारत. या ग्रंथाच्या अगदी आरंभी, आदिपर्वात, जनमेजयाच्या यज्ञाची गोष्ट आहे. यज्ञ चालू असताना देवशुनी सरमेचे पिल्लू तिथे आले. जनमेजयाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. आईने विचारले, तू काही आगळीक केली असशील. पिल्लू म्हणाले, मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेदेखील नाही. सरमा तडक यज्ञमंडपात गेली आणि विचारती झाली, माझ्या पोराने अपराध केला नसता त्याला का मारले? उत्तर कोणापाशीच नव्हते. तेव्हा तिने शाप दिला, की तुमच्यावर असे भय येईल जे तुम्हाला दिसणार नाही. जनमेजय हादरला आणि शाप निवारण्यासाठी पुरोहित शोधत हिंडला. मला तर हा आपल्या वाङ्मयातला कुत्र्याच्या वतीने झालेला पहिला तक्रार अर्ज वाटतो. आणि त्यातला मुद्दा पाहा: पिल्लाला वळण होते, यजमानांच्या भावांना नव्हते.

पुढे त्याच पर्वात एकलव्याची गोष्ट येते. पांडवांसोबत शिकारीला आलेला कुत्रा अनोळखी माणूस पाहून भुंकला. राखणीच्या कुत्र्याने दुसरे काय करावे? एकलव्याने त्याचे तोंड सात बाणांनी बंद केले. कुत्रा तसाच धन्याकडे परत आला. त्या बाणांवरून शोध सुरू झाला आणि शेवटी एकलव्याचा अंगठा गेला. दोष ना कुत्र्याचा ना एकलव्याचा. पण भुर्दंड दोघांनाच. महाभारतात तिसराही एक कुत्रा आहे. तो ग्रंथाच्या अखेरीस येतो, आपणही त्याच्याकडे अखेरीस येऊ.

संतांच्या लेजरात मामला निराळा. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन मागे धावले, की कोरडी कशी खाशील! आजचा कोणीही श्वानशिक्षक म्हणेल, की चोरीला बक्षीस दिले तर कुत्रा बिघडतो. खरे आहे. पण ती गोष्ट कुत्र्याला वळण लावण्याची नाहीच. ती नामदेवांना लागलेल्या वळणाची आहे.

इतिहासात आलो की पहिले नाव निघते वाघ्याचे. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ त्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले. तो महाराजांच्या चितेत शिरला ही कथा सर्वांना पाठ आहे. परंतु महाराजांच्या काळातला कागद तिच्या बाजूने मिळालेला नाही आणि त्यावरून महाराष्ट्रात पुष्कळ भांडणे झाली. भांडणात पडण्याचा माझा स्वभाव नाही. मी एवढेच म्हणतो, की व्हाउचर नसेल तर एंट्री करू नये असे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेले असते.

शाहू महाराजांच्या कुत्र्याचे मात्र व्हाउचर आहे. साताऱ्याच्या शाहूंना शिकारीचा नाद. एकदा वाघाच्या शिकारीत त्यांच्या आवडत्या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे, की महाराजांनी या कुत्र्याला जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मान दिला. एवढेच नाही, तर एकदा भर दरबारात त्याला जरीचे कपडे आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. पालखीची आस्थापनाही खरोखर चालू ठेवली होती! मी हे वाचले तेव्हा आधी भोयांचा विचार मनात आला. कुत्र्याची पालखी वाहणाऱ्या त्या माणसांचा पगार कोणत्या सदरात पडत असेल? हा कुत्रा खंड्या या नावाने ओळखला जातो आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. पेशवाईत कित्येक सरदारांनी जहागिरी मिळाल्यावर धन्याशी वाकडे चालायला सुरुवात केली. खंड्याने जहागीर मिळाल्यावरही शेपूटच हलवले. बढतीनंतर स्वभाव न बदललेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

यानंतर इंग्रज आले आणि त्यांनी कुत्र्याचे शासकीय धोरण आणले. मुंबईत मोकाट कुत्री वाढली म्हणून ठरावीक महिन्यांत ती मारायचा नियम झाला. १८३२ साली हा मुदतीचा काळ वाढवला आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवले. आमच्याकडे ठेवी गोळा करण्याची इनामी योजना निघाली म्हणजे काय काय होते ते मला ठाऊक असल्याने पुढचे वाचून मुळीच आश्चर्य वाटले नाही. शिपायांनी मोकाट-पाळीव हा भेदच ठेवला नाही. दारातली, घरातली कुत्रीसुद्धा ओढून नेली. पारशी मंडळींच्या धर्मात कुत्र्याला फार मान. प्रेताला अखेरची नजर कुत्र्याची लागते. त्यातून ६ जूनचा तो दिवस त्यांच्या सणाचा. लोक उठले. दुसऱ्या दिवशी कोटातला बाजार बंद झाला, इतर जमातींचे लोकही सामील झाले, कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची सकाळची रसद अडली. धरपकड झाली, खटले झाले. पण पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असे ठरले. मोकाट कुत्र्यांचा वाद २०२५ साली सुप्रीम कोर्टात गाजला तेव्हा अनेकांना तो नवा वाटला. त्याची फाइल तेव्हाच एकशे त्र्याण्णव वर्षे जुनी होती.

आता वळण लावण्याच्या शास्त्राकडे. रशियात पावलॉव नावाचे गृहस्थ कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करीत होते आणि १९०४ साली त्यांना नोबेल मिळाले तेही पचनाच्याच कामासाठी. पण जगाच्या लक्षात राहिली ती कुत्र्याची लाळ. खाणे येण्याआधी ठरावीक आवाज केला, की पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. मुद्दा असा, की कुत्रा शब्द ऐकत नाही, शब्दानंतर काय होते ते ऐकतो. दुपारी दोनच्या सुमारास आमच्या शाखेत डब्याचे झाकण वाजले की हा सिद्धांत दररोज सिद्ध होतो.

१९१० साली जर्मनीत पोलिसखात्यातल्या कोनराड मोस्टने कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्यात बक्षीस होते, तसा गळपट्ट्याचा हिसका आणि चाबूकही होता. दोन्ही महायुद्धांतल्या लष्करी कुत्र्यांच्या शिक्षणावर या पद्धतीची छाप पडली. चाबूक हातातून सुटायला बराच काळ जावा लागला, आणि तो सुटला कोणामुळे? माशासारख्या दिसणाऱ्या डॉल्फिनमुळे. अमेरिकेत कॅरेन प्रायर या बाई डॉल्फिनला शिकवीत. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही, पाण्यात त्याला काठी मारता येत नाही. रागावलात तर तो सरळ पोहत निघून जातो. तेव्हा एकच मार्ग उरतो. बरोबर केले की त्याच क्षणी शिट्टी, आणि शिट्टीमागून मासा. १९८४ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले आणि हीच रीत कुत्र्यांपर्यंत आली. शहाणपणाचा शोध कसा लागला ते पाहा: ज्याला मारता येत नाही अशा शिष्याशी गाठ पडेपर्यंत मास्तरांना छडीवाचून शिकवता येते हे सुचलेच नाही!

आपल्याकडे मुधोळच्या घोरपडे राजांनी दख्खनचे शिकारी कुत्रे जोपासले. मालोजीराव घोरपड्यांनी त्यांची जोडी पाचव्या जॉर्ज बादशहाला नजर केली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव साहेबाच्या तोंडी बसले. आपल्याकडचे धनगर त्याला कारवानी म्हणून आधीपासून ओळखत होते, पण साहेबाने नाव घेतल्याशिवाय आपल्याला आपला कुत्रा दिसत नाही. २००५ साली तो टपालाच्या तिकिटावर आला. २०१६ साली त्याची पिल्ले मेरठला लष्कराच्या शाळेत दाखल झाली. एवढी वर्षे तो शिकण्यासारखा नव्हता असे नाही. त्याला शाळेत कोणी घातले नव्हते.

पोलिसांनी मात्र हे आधी ओळखले. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ साली तीन डॉबरमनवर सुरू झाले. आणि याच पथकांच्या परंपरेत आला झंजीर. लॅब्रॅडॉर जातीचा, पुण्यात शिकलेला, १९९२च्या डिसेंबरअखेर मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात रुजू झालेला. तीन महिने झाले नाहीत तोच १२ मार्च १९९३चा तो शुक्रवार उजाडला. साखळी स्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतरच्या शोधात या कुत्र्याने जे हुडकून काढले त्याचा आकडा ३,३२९ किलो आर.डी.एक्स. असा नोंदला आहे. शिवाय सहाशे डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब. आकड्यांत आयुष्य गेलेला मी माणूस. पण यातून जी माणसे मेली नाहीत, त्यांचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा हे मला कळत नाही.

यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की स्फोटके हुडकणाऱ्या कुत्र्याला आपण देशसेवा करतो आहोत याचा पत्ता नसतो. अमुक वास सापडला की भुंकायचे नाही, पंजा मारायचा नाही, गप्प बसायचे. बसले की आपला माणूस खूश होतो आणि खेळायला देतो, एवढेच त्याला शिकवलेले असते. मारून शिकवलेला कुत्रा माणसाच्या हाताकडे पाहतो, आणि हाताकडे पाहणाऱ्याला वासाचे भान राहत नाही. झंजीर १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कॅन्सरने गेला. वय आठ. पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. नाव ‘झंजीर’, म्हणजे साखळी. पण आठ वर्षांत त्याला बांधून ठेवले ते साखळीने नव्हे.

मग आपल्या घरी काय अडते? आमच्याकडे सोसायटीचे कर्ज फेडायला येणारे एक शेतकरी काका आहेत. त्यांचा कुत्रा बाहेर पायरीशी बसतो तो काका परत येईपर्यंत हलत नाही. रहस्य विचारले तर म्हणाले, ‘काही नाही साहेब. कुत्रं त हुशारच असते. घरचे लोकं एका मताचे पाह्यजेत.’ पावलॉव आणि प्रायरबाई यांचे सार यात आले. घरात आजोबा ताटातली भाकरी देतात, वडील त्याच भाकरीसाठी लाथ मारतात, आई उंबऱ्याबाहेर बसवते आणि मुलगा गादीवर झोपवतो. एकाच बाबतीत चार परिपत्रके निघाली तर आमची अख्खी शाखा गोंधळते. तो बिचारा एकटा कुत्रा! चूक झाल्यावर तासाभराने दिलेला मार त्याला चुकीशी जोडता येत नाही. तो जोडतो मारणाऱ्याशी.

आणि इथे सरमेचा शाप आठवतो. दिसणार नाही असे भय. उगाच दगड मारलेला कुत्रा तो दगड विसरत नाही. दोन महिन्यांनी त्याच गल्लीतून दप्तर घेऊन दुसरेच एखादे पोर जाते, त्याने दगड मारलेला नसतो, आणि चावा त्याला बसतो. दिवसभर दोन फुटांच्या साखळीने खांबाला बांधलेला ‘राखणदार’ एक दिवस सुटतो, आणि चावतो तो चोराला नव्हे, दूधवाल्याला. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की वैद्यकशास्त्र हात टेकते. आधी मात्र उपाय स्वस्त आहे: कुत्र्याला दरसाल लस, आणि चावा झालाच तर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्यात धुऊन त्याच दिवशी दवाखाना. हळद-चुना आणि मांत्रिक हे खाते कायमचे बंद करावे. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्याचे नियम २००१ साली झाले, २०२३ साली नव्याने झाले. नियमांना वळण आहे. अंमलबजावणीचे शेपूट तेवढे नळीत घालायचे राहिले आहे.

लेजर तपासून झाले. कुत्र्याच्या बाजूला जमा: राखण, शिकार, सोबत, आणि ३,३२९ किलो न फुटलेली दारू. आपल्या बाजूला जमा: एक तुपाची वाटी, एक पालखी, आजारी पिल्लाची काही आठवड्यांची शुश्रूषा, आणि नावे पडलेले दगड मोजण्याची सोय कोणत्याही यंत्रात नाही. एवढे ओव्हरड्रॉ झालेले खाते कोणत्याही बँकेने केव्हाच गोठवले असते. समोरच्या खातेदाराने अजून एकही नोटीस पाठवलेली नाही.

राहता राहिला महाभारतातला तिसरा कुत्रा. भाऊ पडले, द्रौपदी पडली, आणि धर्मराजाबरोबर उरला तो हस्तिनापुराहून मागे आलेला कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला. म्हणाला, तू चल, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. धर्मराज म्हणाला, माझ्या आसऱ्याला आलेल्याला मी टाकणार नाही. मग स्वर्ग राहिला तरी चालेल. परीक्षा होती हे नंतर कळले, आणि कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हेही. त्या परीक्षेत कुत्र्याला ‘बस’, ‘ऊठ’, ‘हात दे’ असे कोणीही काही विचारले नाही. त्याला सगळे येत होते. उत्तर द्यायचे होते ते माणसाला.